'ऐकलेस की पाहिलेस?' : मराठी ख्रिस्ती साक्षीविषयी काही विचार



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य माझ्या पिढीला लाभले. त्यांच्या अनेक सवयींपैकी एक सवय माजी विद्यार्थ्यांना नक्कीच आठवत असेल. शनिवारच्या शेवटच्या तासाला ते एकेका मुलाला उभे करीत आणि आठवड्यातील कोणतीही एक गोष्ट सांगायला लावीत. मुलगा रंगात आला की मध्येच त्यांचा प्रश्न येई, "ऐकलेस की पाहिलेस?" आमच्यातला एक जण एकदा बडा गणपतीविषयी सांगू लागला. मूर्ती पंचवीस फूट उंच आहे, म्हणाला. गुरुजी म्हणाले, "मोजलीस?" "नाही." "मग 'म्हणतात' असे म्हण." पुढे तो सांगू लागला की उज्जैनच्या दाधीच नावाच्या गणेशभक्ताला स्वप्नात गणपतीने दर्शन दिले, आणि त्या स्वप्नाबरहुकूम ही मूर्ती घडवली गेली. १९०१ च्या सुमारास ती पुरी झाली, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गुरुजींनी विचारले, "स्वप्न कोणी पाहिले?" "त्यांनी एकट्याने." "मग बाकीच्यांनी काय पाहिले?" वर्ग गप्प. तेव्हा गुरुजी जे म्हणाले ते मी साठ वर्षे बरोबर बाळगले आहे. ते म्हणाले, "स्वप्न सांगणारा माणूस पाहिला."

आजच्या विषयाची निवड या एका वाक्यातून झाली आहे. माझा पीएच.डी.चा अभ्यास एकोणिसाव्या शतकातील मराठी आत्मकथनांवर होता. त्या अभ्यासात एक गोष्ट ध्यानात आली की, ज्याला आपण मराठी आत्मचरित्र म्हणतो त्याच्या पायाभरणीत ख्रिस्ती मंडळींचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी आत्मचरित्र लिहिण्याच्या हेतूने लेखणी उचललेलीच नव्हती. ते 'साक्ष' देत होते. मी ख्रिस्ती नाही, त्या धर्माचा प्रचारकही नाही. आमच्या घरी गणपती बसतो आणि मी आरती म्हणतो. परंतु दुसऱ्याने दिलेली साक्ष नीट ऐकून घेणे हे साहित्याच्या अध्यापकाचे पहिले काम आहे, आणि ते काम मी एकदा अत्यंत वाईट रीतीने केले आहे. ती हकीकत शेवटी सांगेन.

'साक्षी' या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष पाहणारा. पाणिनीनेही तो याच अर्थाने सिद्ध केला आहे. मराठीत मात्र हा शब्द पाहण्यापाशी थांबला नाही, तो सांगण्याकडे सरकला. आपण 'साक्ष पाहिली' म्हणत नाही, 'साक्ष दिली' म्हणतो. मराठेशाहीतील महजर ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की, वतनाचा तंटा तुटताना गोतसभेपुढे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे वृद्ध उभे राहत, आपापल्या माहितीचे बोलत, आणि त्यांची नावे कागदावर चढत. कुणब्याच्या नावापुढे नांगराची आणि शिंप्याच्या नावापुढे कात्रीची निशाणी असे. अक्षर न येणाऱ्याचीही साक्ष कागदाला चालत होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे छापखाना आल्यावर अक्षर येणाऱ्याचीच साक्ष टिकली.

ग्रीक भाषेतही गंमत अशी आहे की, साक्षीदाराला जो शब्द होता तोच पुढे धर्मासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्याला लागला. इंग्रजीतील 'मार्टर' तो हाच. ख्रिस्ती परंपरेत साक्ष हा धर्मशास्त्राचा युक्तिवाद नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. त्याला दृष्टी आल्यावर पंडित त्याची उलटतपासणी घेतात : ज्याने तुला बरे केले तो पापी आहे की नाही? तो उत्तर देतो की ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढेच मला ठाऊक आहे. गुरुजींच्या वर्गात हा मुलगा उत्तीर्ण झाला असता. त्याच ग्रंथात विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा आहे. ती आपली घागर तिथेच टाकून गावात धावते आणि झालेले सांगते. गावकरी येतात, स्वतः ऐकतात, आणि मग तिला सांगतात की आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर उभा नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. साक्षीची मर्यादा आणि तिची थोरवी दोन्ही या प्रसंगात आहेत. साक्ष माणसाला विहिरीपर्यंत नेते. पाणी ज्याचे त्याने प्यायचे असते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ही कथा पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे हे सगळे परके होते असे कोणी समजू नये. बहिणाबाई शिऊरकरांनी सतराव्या शतकात आपले आत्मनिवेदन अभंगांत सांगितले. तुकोबांनी स्वप्नात दिलेला उपदेश, नवऱ्याचा मार, वासराचा लळा हे सारे त्यात आहे. पुन्हा स्वप्नच. तुकोबांनीही आपले दिवाळे, दुष्काळात गेलेली पत्नी, लोकांत झालेली अप्रतिष्ठा लपवली नाही. मराठी कानाला अनुभवाची भाषा सवयीची होती. म्हणूनच ख्रिस्ती झालेले मराठी लोक जेव्हा बोलू लागले, तेव्हा त्यांच्या तोंडी पाश्चात्त्य नमुना असला तरी सूर बराचसा घरचा लागला.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईस उतरले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघू लागले. या सर्वांची हकीकत आपणांस पाठ्यपुस्तकांतून माहीत आहे, म्हणून तिच्यात शिरत नाही. एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत बारा-तेरा वर्षांचा, तोही मिशनच्या आश्रयास गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने अज्ञान म्हणून मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतल्यामुळे त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. या प्रकरणात मिशनरी बोलले, बाप बोलला, न्यायाधीश बोलले, शास्त्री बोलले. त्या मुलाला काय वाटत होते हे त्याच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आले असते तर! वयाने लहान म्हणून त्याचे म्हणणे कोर्टात वजनदार ठरले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ती जागा रिकामी दिसते.

मराठीत ही जागा भरून काढणारे पहिले महत्त्वाचे लेखक म्हणजे बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगावचा; जात कासार. शिक्षण आधी बेळगावच्या मिशन शाळेत, पुढे मुंबईस. परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ चे त्यांचे 'यमुनापर्यटन' मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण शिकतो. त्यांचे 'अरुणोदय' हे स्वलिखित चरित्र १८८० नंतरच्या दशकात आले. नावाप्रमाणे ते पहाटेपाशीच थांबते : बालपणापासून बाप्तिस्म्यापर्यंत. माझ्या मते या पुस्तकाचे खरे वैभव त्याच्या पूर्वार्धात आहे. घरातील व्रते, देवघर, बापाचा धाक, सणवार, पंतोजींची शाळा हे सारे इतक्या जवळून पूर्वी कोणी लिहिले नव्हते. ज्या जगातून लेखक बाहेर पडला त्या जगावर त्याचे प्रेम आहे, हे त्याच्या नकळत पानापानावर दिसते. उत्तरार्धात मात्र वकील जागा होतो. प्रत्येक आक्षेपाला उत्तर, प्रत्येक उत्तराला पुरावा. त्या काळच्या खंडनमंडनाच्या वातावरणात हे अपरिहार्य होते; १८५७ मध्ये विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालीत होते, आणि बाबा त्याच पिढीचे. तरीही वाद घालणारे बाबा आज वाचवत नाहीत आणि देवघरापुढे बसलेला तो मुलगा विसरवत नाही. साक्षीदाराने वकिली करू लागू नये, एवढे 'अरुणोदया'वरून मी शिकलो.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याविषयी मला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे.

१८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे कुटुंब. १८७६-७७ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथे 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या त्यांना मिळाल्या. विवाह, कन्या मनोरमा, वैधव्य हे सारे १८८० ते १८८२ या दोन वर्षांत. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज येथे बाप्तिस्मा. १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन, पुढे ते पुण्यास, आणि अखेर केडगावचे मुक्ति सदन. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकातच 'साक्ष' हा शब्द आहे.

या पुस्तकातील एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. कलकत्त्यास रमाबाई आणि त्यांचे बंधू प्रथमच एका ख्रिस्ती मेळाव्यास गेले. प्रार्थनेच्या वेळी सगळे लोक आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. तेव्हा या दोघा भावंडांना वाटले की हे लोक खुर्च्यांना नमस्कार करीत आहेत. केवढी प्रसन्न ओळ आहे ही! पुढे सबंध आयुष्य ज्या धर्मात घालवले त्या धर्माचे पहिले दर्शन इतक्या निर्मळ विनोदाने सांगण्यास मोठी सचोटी लागते. प्रचारासाठी लिहिणाऱ्याने हा प्रसंग गाळला असता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले एक काम त्यांना पाहावयास मिळाले. अशा स्त्रियांशी दयेने वागता येते, हे त्यांनी तेथे प्रथम पाहिले. ऐकले नव्हे, पाहिले. कारण विचारता एका भगिनीने त्यांना त्याच शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. शिवाय नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे, म्हणजे काशीत वाढलेले आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले चित्पावन पंडित, यांच्या लेखनाने त्यांची बौद्धिक खात्री पटवली. आता कोणीही म्हणेल की साक्ष येथे पुरी झाली. पण रमाबाई पुढे जे लिहितात ते धक्कादायक आहे. बाप्तिस्मा होऊन काही वर्षे लोटल्यावर त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. सर्व हिंदुस्थानात आणि अमेरिकेत ख्रिस्ती विदुषी म्हणून ज्यांचा गौरव होत होता, त्या बाईंनी छापील पुस्तकात कबूल करावे की तेव्हा माझ्या हाती केवळ बुद्धीने पटलेले मत होते! आणि ही जाण त्यांना कशामुळे आली? हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने लिहिलेले आत्मकथन वाचून. म्हणजे एका साक्षीने दुसरी साक्ष जागी केली. जॉर्ज म्यूलर या अनाथाश्रम चालवणाऱ्या गृहस्थांच्या अनुभवांनी त्यांना पुढे केडगावचे धाडस करण्याचे बळ दिले, हेही त्या सांगतात. साक्षीची परंपरा ही अशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

परंतु याच रमाबाईंच्या आयुष्यात साक्षीचा दुसरा, अवघड प्रश्नही उभा आहे आणि तो टाळून चालणार नाही. शारदा सदन काढताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे त्यांनी मान्य केले होते. त्या स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात रण माजले. 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कोणाला बोलावले नाही आणि कोणाला हाकलणारही नाही. विरोधकांचे म्हणणे होते की ज्या मुलीला तुमच्याखेरीज छप्पर नाही तिच्यासमोर उघडे असलेले दार हे नुसते दार नसते. इतक्या वर्षांनी मला वाटते, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. उपाशी मुलींना ज्यांनी जगवले, स्वतः उपाशी राहिल्याचे स्मरून ज्या १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरल्या आणि मुली-विधवांना घेऊन आल्या, त्या बाईंच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण साक्ष देणाऱ्याच्या हाती अन्न असते तेव्हा ऐकणाऱ्याचे 'नाही' म्हणणे अवघड होते, हेही तितकेच खरे. शोमरोनी स्त्रीच्या हातात काही नव्हते. घागरसुद्धा ती टाकून आली होती.

या प्रश्नाला आपल्या प्रदेशात कायद्याचेही रूप आहे. मध्य प्रदेशाचा धर्म स्वातंत्र्य अधिनियम १९६८ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात निर्णय दिला की, आपल्या धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात त्याची तत्त्वे समजावून सांगणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. २०२१ मध्ये त्या अधिनियमाच्या जागी अधिक कडक कायदा आला. कायद्याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. माझा तो अधिकारही नाही. पण न्यायालयाने सांगणे आणि बदलवणे यांत जी रेघ ओढली, ती रेघ साक्षीच्या इतिहासात पूर्वीपासून आहे.

आता रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटला, त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. ते खरे ठरले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा झाला. डोंगरावरील प्रवचन वाचताना आपण ते सोडू शकलो नाही असे टिळक सांगत, आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असेही सांगत. ही साक्ष प्रसिद्ध आहे आणि सुंदर आहे. तथापि ती ऐकताना मला नेहमी घरी राहिलेल्या बाईची आठवण होते. गाडीत बसलेला माणूस साक्षात्काराकडे निघाला होता. त्याच्या बायकोला याचा पत्ता नव्हता.

त्या बाईने चाळीस वर्षांनी आपली बाजू सांगितली, आणि ती मराठी गद्यातील एक अजोड कृती ठरली. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई वारल्या आणि अखेरच्या भागाला चिरंजीव देवदत्त यांचा हात लागला. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. बाप सोवळ्याने पछाडलेला. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याच्या त्याच्या वेडापायी सारे घर जेरीस आलेले. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही बाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिली, पंढरपुरास राहिली, काही वर्षांनी नगरला आली तरी आधी वेगळे बिऱ्हाड, वेगळे पाणी. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

या पुस्तकात साक्षात्काराची वीज कोठेही कडाडत नाही. एका रात्री विचार करता करता बाईंच्या मनात येते की जाती देवाने केल्या की माणसाने? आणि देवाने केल्या नसतील तर मी कोणाच्या हातचे पाणी का पिऊ नये? बस्स. सकाळी उठून ती हे नवऱ्याला सांगते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने यात ख्रिस्तशास्त्र अगदी थोडे आहे. पण एका सोवळ्यात वाढलेल्या बाईने पाण्याच्या भांड्यापाशी केलेला हा निश्चय मला बाबा पदमनजींच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा अधिक खात्री देतो. का? कारण तिने काय गमावले हे ती सांगते. टिळकांचा लहरीपणा, घरातले दारिद्र्य, स्वतःची भीती, स्वतःचा हट्ट, काहीही झाकत नाही. ज्या साक्षीदाराला स्वतःवर हसता येते त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आपल्या घराघरांतून ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचली त्यांतील शंभरात नव्व्याण्णव जण ख्रिस्ती नव्हते, होणारही नव्हते. त्या वाचनाने त्यांचा धर्म बदलला नाही. ख्रिस्ती झालेल्या माणसाविषयी त्यांच्या मनात जी अढी होती ती सैल झाली. अशा साक्षीचे एवढे काम मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये डोळ्यांनी पाहिले आहे.

येथवर आपण ज्यांची नावे घेतली ते कासार, चित्पावन, देशस्थ, शास्त्र्यांच्या घरचे. नगर आणि जालना भागात, मराठवाड्याच्या खेड्यांत जे ख्रिस्ती झाले त्यांत फार मोठा भाग महार आणि मांग समाजाचा होता. त्यांच्या साक्षी कोठे आहेत? मिशनच्या अहवालांत त्या आहेत, पण मिशनऱ्यांच्या भाषेत. 'एक वृद्ध', 'एक विधवा' अशा नावांनी. 'ज्ञानोदया'चे ऋण येथे मानले पाहिजे. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध याच पत्राने छापला. मुक्ता ख्रिस्ती नव्हती, निबंधही धर्मांतराचा नव्हे. पण 'आमचे काय झाले ते मी सांगते' हा त्यातला पवित्रा साक्षीचाच आहे. ती जागा तिला एका ख्रिस्ती पत्राने दिली, हा योगायोग मी मानीत नाही. ज्या पत्राला सामान्य माणसाचा अनुभव छापण्याची सवय होती त्यालाच तो निबंध छापावासा वाटला. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा मराठी वाचक दचकला. सव्वाशे वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीने तोच दरवाजा ठोठावला होता.

आणि आता इंदूर, व माझा अपराध.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ मध्ये इंदूर-महूस आले. रस्त्यावरील प्रवचनांवरून होळकर दरबाराशी त्यांचे खटके उडाले. तरीही १८८७ मध्ये येथे ख्रिश्चन कॉलेज निघाले आणि आपल्यापैकी कितीतरी हिंदू-मुसलमान घरांतील मुले तेथे शिकली. १८९९-१९०० चा दुष्काळ माळव्यात अजून 'छप्पनिया' म्हणून बोलला जातो, कारण विक्रम संवत १९५६ होते. त्या दुष्काळात अनाथ झालेली शेकडो मुले मिशनांनी सांभाळली.

१९७० नंतरच्या दशकात, मी नुकताच अध्यापक झालो होतो तेव्हा, याच शाळेतील माझा एक वर्गमित्र माझ्याकडे एक वही घेऊन आला. त्याचे घराणे मराठी ख्रिस्ती. वही त्याच्या आजीची होती. ती छप्पनच्या दुष्काळातली मूल; मिशनच्या आश्रमात वाढली, तिचे लग्न नगरकडून आलेल्या एका मराठी शिक्षकाशी झाले, आणि नवऱ्याची भाषा ती शिकली. दरवर्षी चर्चमध्ये ती उभी राहून आपली साक्ष देत असे, त्याच त्या शब्दांत, आणि नातवंडे कंटाळत. म्हातारपणी कोणीतरी सुचवल्यावरून तिने ती लिहून काढली होती. मित्राने विचारले, "हे छापण्याजोगे आहे का, पाहशील?"

मी पाहिले. एका रविवारी दुपारी, एका बैठकीत. मराठी अशुद्ध, मधूनच माळवी, मधूनच हिंदी, घटना तुटक, वर्षांचा मेळ नाही, बायबलमधील वाक्ये जागोजागी. मी तेव्हा नुकताच विद्वान झालो होतो. वही परत देताना मी म्हणालो, "कुटुंबासाठी ठीक आहे रे, पण वाङ्मयीन मूल्य नाही." तो "बरं" म्हणाला. आम्ही चहा घेतला.

पुढे माझ्या प्रबंधाच्या निमित्ताने मला कळले की नाव-गाव नसलेल्या दुष्काळातील मुलीने स्वतः लिहिलेली मराठी साक्ष किती दुर्मीळ असते. मी त्याच्या घरी धावलो. दरम्यान त्यांनी घर बदलले होते, आवराआवरीत जुने कागद रद्दीत गेले होते. त्याने मला दोष दिला नाही. "तूच म्हणाला होतास ना," एवढेही तो म्हणाला नाही, आणि तेच मला अधिक लागले. मी त्या वहीकडे निबंध तपासावा तसे पाहिले होते. सांगणारी बाई पाहिलीच नव्हती. गुरुजी हयात होते. त्यांना हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयाने एक कपाट रिकामे करून द्यावे, अशी विनंती मी यंदा संचालक मंडळाला केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली, याबद्दल त्यांचे आभार मानतो. माजी विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबांच्या हातच्या वह्या असतील, मग त्या कोणत्याही धर्माच्या, कशाही भाषेत, वारीच्या असोत की हज यात्रेच्या, हिशोबाच्या मध्येच लिहिलेल्या असोत, त्या आम्हांस द्याव्यात. द्यायच्या नसतील तर नक्कल करू द्यावी. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

त्या हरवलेल्या वहीतील जे मला आठवते ते आज येथे नोंदवून ठेवतो, म्हणजे निदान या पुस्तिकेत ते राहील. आठवण माझी आहे, पन्नास वर्षांपूर्वीची, शब्द तिचे नाहीत. तिने लिहिले होते की, आश्रमात आल्यावर नाव विचारले तेव्हा तिला ते सांगता आले नाही, कारण घरी तिला सगळे 'छोरी' म्हणत. म्हणून मिळालेले नाव हेच आपले पहिले नाव असे ती मानी. पहिल्या दिवशी पातळ पेज दिली आणि आणखी मागितली तेव्हा दिली नाही, याचा राग तिला बरीच वर्षे होता. उपाशी पोटाला एकदम खाऊ घातले तर मूल दगावते, हे तिला पुढे दवाखान्यात काम करू लागल्यावर कळले. आईबरोबर ती एका झाडाखाली बसली होती. आई उठली नाही. ते झाड कोणते होते ते तिने लिहिले होते. ते मला आठवत नाही.